कसबी खेळाडूची कारकीर्द : फैज फझल आणि विदर्भ क्रिकेटचे स्थित्यंतर

प्रस्तावना

आपल्याकडे क्रीडेतिहासाचे लेखन प्रामुख्याने विक्रमवीरांच्या चरित्रांच्या स्वरूपात झाले आहे. एखादा असामान्य खेळाडू, त्याचे बालपण, त्याचा संघर्ष आणि त्याचे यश अशी त्या लेखनाची ठरावीक मांडणी असते. राजघराण्यांच्या वंशावळींपुरता मर्यादित राहिलेला राजकीय इतिहास जसा अपुरा ठरला, तसाच हा क्रीडेतिहासही अपुरा आहे. खेळ ही एक सामाजिक संस्था आहे. ती रोज चालवणारे लोक शिखरावरचे नसतात, ते मधल्या फळीतले असतात. वर्षानुवर्षे नियमाने मैदानात उतरणारा, आपले काम चोख करणारा, गरज पडेल तेव्हा संघ बदलणारा आणि राष्ट्रीय कीर्तीच्या उंबरठ्यावर बहुधा थांबणारा खेळाडू इतिहासकाराच्या नजरेतून सहसा सुटतो.

प्रस्तुत लेखात अशा एका खेळाडूच्या कारकिर्दीचा अभ्यास केला आहे. नागपूरचे सलामीचे फलंदाज फैज फझल यांनी २००३-०४ च्या हंगामात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवृत्ती स्वीकारली. या दोन दशकांत विदर्भाचा संघ देशाच्या क्रिकेटमधील दुय्यम गटातून रणजी करंडकाच्या विजेतेपदापर्यंत पोहोचला. हे स्थित्यंतर एखाद्या अलौकिक प्रतिभेमुळे घडले नाही. त्यामागे कसबी खेळाडूंचे सातत्य आणि त्यांचे स्थलांतर होते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

‘कसबी खेळाडू’ ही संकल्पना

मध्ययुगीन युरोपातील कारागीर संघांमध्ये शिकाऊ, कसबी आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या होत्या. शिकाऊपण संपलेला, कसब पूर्णपणे हाती आलेला, परंतु स्वतःचे दुकान नसलेला कारागीर मधल्या पायरीवर असे. तो दिवसाच्या मजुरीवर काम करी आणि काम मिळेल त्या गावी जाई. त्याच्या इंग्रजी नावाच्या मुळाशी ‘दिवस’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. पुढे हेच नाव व्यावसायिक खेळात रूढ झाले. कॅनडा व अमेरिकेतील बर्फावरील हॉकीत दहा-पंधरा वर्षे या संघातून त्या संघात जाणाऱ्या, दुय्यम स्पर्धांत खेळणाऱ्या आणि अधूनमधून अव्वल स्पर्धेत बोलावणे येणाऱ्या खेळाडूला ते विशेषत्वाने लावले जाते. त्यातही बचावफळीतील खेळाडूचे काम गोल अडवण्याचे असते. त्यामुळे लोकांच्या लक्षात राहील असे त्याच्या नावावर फारसे काही नोंदले जात नाही.

क्रिकेटमधील सलामीच्या फलंदाजाचे काम यापेक्षा फार वेगळे नाही. नवा चेंडू, ताजे गोलंदाज आणि सकाळची दमट खेळपट्टी यांना तोंड देणे आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. त्याने खेळून काढलेल्या षटकांची वेगळी नोंद धावफलकावर होत नाही. रणजी सामन्याचे मानधनही दिवसाच्या हिशेबाने मिळते. या दोन्ही अर्थांनी रणजी करंडकातील सलामीवीर हा ‘कसबी’ या संज्ञेस पात्र ठरतो.

वऱ्हाड, नागपूर आणि क्रिकेटचा नकाशा

फझल यांच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी विदर्भाच्या क्रिकेटचा भूगोल समजून घेणे आवश्यक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना तो विशेष जवळचा वाटेल. देऊळगाव राजा येथून जालना जवळ आहे आणि नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर. तथापि जालन्याचा खेळाडू पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो, तर देऊळगाव राजाचा खेळाडू विदर्भ क्रिकेट संघटनेच्या. या विभागणीचे मूळ क्रिकेटमध्ये नसून राजकीय इतिहासात आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. जालना मात्र निजामाच्या राज्यातच राहिले. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, तेव्हा ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ तीत उतरला. बुलढाणा त्याच संघाच्या प्रदेशात होते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ आणि मराठवाडा हे दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे घटक बनले. प्रशासकीय सीमा पुसली गेली, परंतु क्रिकेटची सीमा टिकून राहिली. १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी करंडकात खेळू लागला आणि मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे एकाच राज्याचे तीन संघ अस्तित्वात आले. यांपैकी विदर्भ सर्वांत दुर्बळ होता. अकरा जिल्ह्यांचा विस्तीर्ण प्रदेश पाठीशी असूनही पहिल्या सहा दशकांत या संघाला एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही.

प्रतिभेचे बहिर्गमन

या दुर्बळतेचे एक कारण असे की नागपूर-वऱ्हाडातील गुणी खेळाडूला उपजीविकेसाठी बाहेर जावे लागे. १८९५ मध्ये नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. १९२३ मध्ये ते इंदूरला होळकरांच्या सेवेत गेले आणि १९३२ मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. राजाश्रयाच्या त्या काळात खेळाडू आश्रयदात्याकडे जाई आणि आश्रयदात्याचे गाव हेच त्याचे गाव होई.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि आश्रयदात्याची जागा नोकरी देणाऱ्या संस्थांनी घेतली. रेल्वे, बँका, सार्वजनिक कंपन्या आणि सेनादल यांनी खेळाडूंना पगार व निवृत्तिवेतनाची शाश्वती दिली. १९५८-५९ पासून रेल्वेचा स्वतंत्र संघ रणजी करंडकात खेळू लागला आणि २००१-०२ व २००४-०५ मध्ये त्याने विजेतेपदही मिळवले. दुय्यम गटातील राज्याच्या खेळाडूला रेल्वेमध्ये नोकरी आणि वरच्या दर्जाचे क्रिकेट या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकत. याच काळात परदेशी वाटही खुली झाली होती. विनू मांकड यांनी हसलिंग्डन, तर सुभाष गुप्ते यांनी रिश्टन या लँकेशायरमधील क्लबांकडून व्यावसायिक म्हणून खेळून उन्हाळ्यातील कमाईची सोय केली होती. सारांश, राजाश्रय, नोकरी आणि परदेशी क्लब या तिन्ही वाटा खेळाडूला घरापासून दूर नेणाऱ्या होत्या.

फझल यांची कारकीर्द

फैज फझल यांचा जन्म ७ सप्टेंबर १९८५ रोजी नागपूर येथे झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, २००३-०४ च्या हंगामात, जम्मू-काश्मीरविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पणातच त्यांनी १५१ धावा केल्या. असे पदार्पण मुंबई वा कर्नाटकाच्या खेळाडूने केले असते, तर त्याची देशभर चर्चा झाली असती. परंतु २००२-०३ पासून रणजी करंडकाची ‘एलिट’ व ‘प्लेट’ अशी विभागणी झाली होती आणि विदर्भ प्लेट गटात होता. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध केलेल्या धावांना निवडकर्ते कमी किंमत देत. खेळाडूच्या गुणवत्तेचे मूल्य तो कोणत्या गटात खेळतो यावर ठरणे हा या व्यवस्थेचा अंगभूत दोष होता.

पुढील वाटचालीत फझल यांनी काही हंगाम रेल्वेच्या संघाकडून रणजी सामने खेळले. इंडियन प्रीमियर लीगमध्ये राजस्थान रॉयल्सने त्यांना संधी दिली, परंतु तेथेही ते प्रकाशझोतात आले नाहीत. इंग्लंडमधील क्लब क्रिकेटमध्येही ते खेळले. रेल्वे, लीग आणि परदेशी क्लब ही तिन्ही स्थाने कसबी खेळाडूच्या जुन्या वाटांशी जुळणारी आहेत. फझल यांचे वेगळेपण यानंतरच्या टप्प्यात दिसते. ते विदर्भाकडे परत आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

मार्च २०१६ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर इराणी करंडकाचा सामना झाला. मुंबईविरुद्ध शेष भारत संघापुढे ४८० धावांचे लक्ष्य होते. चौथ्या डावात एवढ्या धावा करणे जवळजवळ अशक्य मानले जाते. फझल यांनी १२७ धावा केल्या, करुण नायर यांनी ९२ धावांची साथ दिली आणि शेष भारताने तो सामना चार गडी राखून जिंकला. या खेळीनंतर त्यांची झिंबाब्वे दौऱ्यासाठी भारताच्या एकदिवसीय संघात निवड झाली.

पहिल्या दोन सामन्यांत नायर सलामीला खेळले. १५ जून २०१६ रोजी हरारे येथील तिसऱ्या सामन्यात त्यांच्या जागी फझल यांना संधी मिळाली. झिंबाब्वेचा डाव १२३ धावांत आटोपला. के. एल. राहुल नाबाद ६३ आणि फैज फझल नाबाद ५५ अशी धावसंख्या असताना भारताने दहा गडी राखून सामना जिंकला. वयाच्या तिसाव्या वर्षी पदार्पण, त्यात नाबाद अर्धशतक आणि संघाचा निर्विवाद विजय असा हा सामना होता. त्यानंतर फझल यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या एका दिवसाची ठरली.

येथेच कसबी खेळाडूच्या चारित्र्याची खरी कसोटी लागते. ज्याला अपयशामुळे वगळले, त्याला कारण कळते. ज्याला यशस्वी होऊनही बोलावले गेले नाही, त्याच्यापुढे दोन पर्याय उरतात, कडवट होणे किंवा कामाला लागणे. फझल कामाला लागले. २०१७-१८ च्या रणजी हंगामात विदर्भाचे कर्णधार म्हणून त्यांनी ९१२ धावा केल्या. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी मात केली. अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ ते १ जानेवारी २०१८ या काळात इंदूर येथे झाला. रजनीश गुरबानी यांनी हॅट्‌ट्रिकसह दिल्लीचा पहिला डाव २९५ धावांत रोखला. फझल (६७), वसीम जाफर (७८), अक्षय वाडकर (१३३) आणि आदित्य सरवटे (७९) यांच्या योगदानामुळे विदर्भाने ५४७ धावा उभारल्या आणि सामना नऊ गडी राखून जिंकला. नायडूंना आश्रय देणाऱ्या होळकरांच्या इंदूरमध्येच विदर्भाने आपली पहिली अंतिम लढत आणि पहिला करंडक जिंकावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

पुढच्या वर्षी नागपूर येथे सौराष्ट्रावर ७८ धावांनी विजय मिळवून विदर्भाने करंडक राखला. सरवटे यांनी त्या सामन्यात अकरा बळी घेतले. दोन्ही विजेतेपदे फझल यांच्या नेतृत्वाखाली मिळाली.

बाहेरून आलेले कसबी

फझल यांचे यश एकट्याचे नव्हते. २०१०-२० च्या दशकात विदर्भाकडे येणाऱ्या कसबी खेळाडूंचा ओघ सुरू झाला होता. राज्य संघाला ठरावीक संख्येने बाहेरचे व्यावसायिक खेळाडू घेण्याची मुभा असते. पूर्वीच्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाले की खेळाडू नव्या राज्याकडून खेळू शकतो. २०१४-१५ मध्ये तमिळनाडूचे एस. बद्रिनाथ आणि कर्नाटकाचे गणेश सतीश विदर्भात आले आणि त्याच हंगामात संघाने उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१५-१६ मध्ये मुंबईचे वसीम जाफर आले. २०१८-१९ च्या विजेतेपदाच्या हंगामात, चाळिशी उलटल्यावरही, जाफर यांनी हजारांहून अधिक धावा केल्या. २०१७-१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून आलेले चंद्रकांत पंडित मुंबईकर असले, तरी खेळाडू म्हणून कारकिर्दीच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशाकडे गेलेले होते. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी त्या संघाचे नेतृत्व केले होते. स्थलांतरित व्यावसायिकाची मनःस्थिती त्यांना अनुभवाने ठाऊक होती.

महाराष्ट्रातील इतर खेळाडूंनीही याच काळात असे स्थलांतर केले. अमोल मुजुमदार यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा केल्या, परंतु त्यांना भारताकडून एकदाही खेळता आले नाही. २००९ मध्ये ते मुंबई सोडून आसामकडे गेले आणि पुढे आंध्रकडून खेळले. पुण्याच्या हृषीकेश कानिटकर यांनी राजस्थानचे नेतृत्व करत २०१०-११ व २०११-१२ असे सलग दोन रणजी करंडक जिंकले. ज्या प्रदेशांत क्रिकेटची परंपरा क्षीण होती, तेथे हे खेळाडू आपल्या कसबाबरोबर दीर्घ डाव बांधण्याची शिस्त घेऊन गेले. गावोगाव फिरणाऱ्या कारागिराबरोबर जशी हत्यारे आणि तंत्र प्रवास करीत, तसाच हा प्रकार होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो. बाहेरचे खेळाडू घेतल्याने स्थानिकांची संधी हिरावली जाते, असे म्हटले जाते. तो सर्वस्वी निराधार नाही, कारण अकरा जागांपैकी प्रत्येक जागेसाठी एखादा स्थानिक तरुण झटत असतो. परंतु विदर्भाचा अनुभव पाहता पाहुण्यांच्या सहवासात स्थानिकांची वाढ झाली, असेच म्हणावे लागते. गुरबानी, सरवटे, वाडकर यांची सर्वोत्तम कामगिरी याच वर्षांत झाली. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात या प्रक्रियेचे पुढचे वळण दिसले. नागपूरजवळील जामठा येथे झालेल्या या सामन्यात विदर्भाकडून करुण नायर यांनी ८६ व १३५ धावा केल्या आणि पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भाने तिसरा करंडक मिळवला. नायर मूळचे कर्नाटकाचे. कसोटीत त्रिशतक करूनही भारतीय संघाबाहेर गेल्यावर २०२३-२४ मध्ये ते विदर्भाकडे आले होते. त्याच सामन्यात प्रतिस्पर्धी केरळच्या पहिल्या डावात ७९ धावा करणारे खेळाडू होते आदित्य सरवटे. सात वर्षांपूर्वी विदर्भाच्या पहिल्या विजयात त्यांनी तेवढ्याच धावा केल्या होत्या. एकेकाळी दुर्बळतेमुळे खेळाडू गमावणारा विदर्भ आता इतर राज्यांना प्रशिक्षित कसबी पुरवू लागला होता.

श्रम, मोबदला आणि मान्यता

या स्थलांतराला केवळ हौस वा निष्ठेचा अभाव मानणे चुकीचे ठरेल. हा श्रमबाजार आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार रुपये, २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्याहून कमी अनुभव असलेल्याला ४० हजार रुपये मानधन ठरले. अंतिम अकरात नसलेल्या राखीव खेळाडूसाठी यांच्या निम्मे. त्यापूर्वीचा दर दिवसाला ३५ हजार होता. म्हणजे अनुभवी खेळाडूला चार दिवसांच्या एका सामन्याचे २ लाख ४० हजार रुपये मिळू शकतात. ही रक्कम लहान नाही. परंतु ती खेळलेल्या दिवसांवर अवलंबून असते. महामारीमुळे २०२०-२१ मध्ये रणजी करंडक प्रथमच रद्द झाला, तेव्हा ही अशाश्वतता उघड झाली. मंडळाला पुढे त्या हंगामाची अंशतः भरपाई द्यावी लागली.

मोबदल्याचा प्रश्न काही प्रमाणात सुटला. मान्यतेचा प्रश्न तसाच आहे. फझल १३८ प्रथम श्रेणी सामने खेळले आणि त्यांनी २४ शतकांसह नऊ हजारांहून अधिक धावा केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरातच हरियाणाविरुद्धच्या सामन्याने त्यांनी कारकीर्द संपवली. एवढी दीर्घ सेवा आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा एकच दिवस, हे प्रमाण पाहता हा अन्याय होता काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. इतिहासकाराचे काम निवड समितीवर निकाल देण्याचे नाही. परंतु कारकिर्दीचे मोजमाप कोणत्या मापाने करावे, हे मात्र त्याने ठरवले पाहिजे. राष्ट्रीय संघातील सामन्यांची संख्या हेच माप धरले, तर फझल तळटिपेत जातात. प्रदेशाच्या क्रीडासंस्कृतीत घडलेले परिवर्तन हे माप धरले, तर ते मुख्य मजकुरात येतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, विदर्भाच्या क्रिकेटची सीमा वऱ्हाडच्या राजकीय इतिहासाने आखली आणि ती प्रशासकीय पुनर्रचनेनंतरही टिकली. दुसरा, राजाश्रय, नोकरी आणि व्यावसायिक करार या तीन टप्प्यांत खेळाडूंच्या स्थलांतराची दिशा बदलत गेली. पहिल्या दोन टप्प्यांत विदर्भाने खेळाडू गमावले, तिसऱ्यात मिळवले आणि घडवलेही. तिसरा, या बदलाचा आधार फझल यांच्यासारखे कसबी खेळाडू होते. बाहेर जाऊन ते घडले, परत आले, पाहुण्यांबरोबर खांद्याला खांदा लावून खेळले आणि मान्यतेची वाट न पाहता काम करीत राहिले.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने यातून एक कामही समोर येते. उमेश यादव खापरखेड्यातून आणि जितेश शर्मा अमरावतीतून भारतीय संघापर्यंत गेले, हे आपल्याला माहीत आहे. परंतु तालुक्याच्या मैदानांवर, आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरजिल्हा स्पर्धांत आयुष्य घालवलेल्या कसबी खेळाडूंच्या नोंदी महाविद्यालयांच्या जुन्या वार्षिकांकांत, जिमखान्याच्या वह्यांत आणि वयोवृद्ध खेळाडूंच्या स्मरणात विखुरलेल्या आहेत. वह्या रद्दीत जातात आणि स्मरणाला वयाची मर्यादा असते. इतिहास विभाग आणि शारीरिक शिक्षण विभाग यांनी एकत्र येऊन हे साधन वेळीच संकलित केले, तर स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन उघडेल. ज्यांच्या श्रमावर खेळ उभा राहिला, त्यांची निदान नोंद तरी त्यातून होईल.